मोठी कॉइल लावताय? मग फावडं कुठे थांबवायचं तेही ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मेटल डिटेक्टरवर लेख आला, खूप बरं वाटलं, मराठीत ह्या विषयावर फारसं कुणी लिहीत नाही. पण त्यातलं एक वाक्य खटकलं म्हणून हे पत्र. "कॉइल दुप्पट मोठी लावली की खोलीपण दुप्पट मिळते" असं छापलंय (कॉइल म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाची, आत तारेचे वेढे असलेली थाळी). तसं होत नाही हो. आणि हा नुसता आकड्यांचा वाद नाहीये, ह्याच समजुतीवर लोक मोठाली कॉइल घेतात आणि मग खाली काय आहे ते न कळता खणत सुटतात.

आधी खोलीचं बघू. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूच्या वस्तूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र वर येतं आणि ते डिटेक्टर पकडतो. म्हणजे सिग्नलला जायचंय पण आणि परत यायचंय पण. कॉइलच्या मानाने अंतर बरंच असलं की जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, येताना परत तसंच, दोन्ही मिळून सहावा घात झाला. तेच नाणं दुप्पट खोल गेलं की सिग्नल 64 पट कमजोर. एवढी तूट नुसता व्यास वाढवून भरून निघत नाही.

बरं, मोठ्या कॉइलला जवळचंही नीट दिसत नाही. करंट तोच, वेढे तेवढेच आणि व्यास दुप्पट केला तर कॉइलच्या मधोमध क्षेत्र निम्म्यावर येतं. काही अंतरापलीकडे मात्र मोठी कॉइल पुढे निघते, कारण तिचं क्षेत्र सावकाश कमी होतं. म्हणून वरच्या थरातलं बारीक नाणं किंवा पातळ अंगठी 11 इंची कॉइलला ठणठणीत ऐकू येते आणि 18 इंचीला कित्येकदा येतच नाही. मोठ्या भोकांचं जाळं टाकलं की बारीक मासळी निसटणारच. पल्स इंडक्शनवाली (म्हणजे थांबून थांबून विजेचे झटके सोडणारी) एक बाय एक मीटरची फ्रेम असते ना, तिला सुटं नाणं दिसत नाही, दिसतो तो हंडा, पेटी, पाइप. टू-बॉक्स मशीनचंही (दांड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या असतात ते) तेच. बारीक खिळे आपोआप गाळले जातात हा फायदा आहेच, पण ती फ्रेम घेऊन कुणी हरवलेली अंगठी शोधायला गेलं तर पदरी निराशाच येणार.

आता मातीचं. 11 इंचावरून 15 इंचावर गेलं की क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं, म्हणजे कॉइलखाली मातीसुद्धा तेवढी जास्त येते आणि माती काही गप्प बसत नाही. लोहखनिज जास्त असलेल्या जमिनीत मातीचाच सिग्नल इतका मोठा असतो की खोलवरची वस्तू त्यात बुडून जाते, अशा ठिकाणी छोटी कॉइल मोठीपेक्षा खोल बघते हे मी स्वतः अनुभवलंय, आणि नवीन माणसाला हे सांगून पटत नाही, त्याच्या हातात दोन्ही कॉइल द्याव्या लागतात. वर विजेच्या तारा, मोबाइल टॉवर ह्यांचा विद्युत गोंधळसुद्धा मोठी कॉइल जास्त गोळा करते. मग माणूस सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवतो आणि डिटेक्टर नुसता बडबडत राहतो. उलट करा, सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणा, ग्राउंड बॅलन्स (मातीचा सिग्नल वजा करायची जुळवणी) परत परत करा, स्विंग हळू ठेवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढू द्या. खोलवर कॉइलची नजर बरीच निमुळती झालेली असते, दोन फेऱ्यांच्या मधली पट्टी तपासलीच जात नाही आणि आपल्याला वाटतं जागा रिकामी आहे. वजनाचं तर बोलायलाच नको, दांड्याच्या टोकाला लटकलेली ती थाळी तासाभरात खांदा धरून टाकते, हार्नेस (वजन अंगावर पेलणारा पट्टा) नसेल तर मोठी कॉइल लावूच नये असं माझं मत.

वस्तू कोणत्या धातूची ते सांगणाऱ्या स्क्रीनवरच्या आकड्यावर खोलवर भरवसा ठेवू नका. व्हीएलएफ मशीन (कमी वारंवारतेचं क्षेत्र सतत सोडणारा नेहमीचा डिटेक्टर) लोखंड वेगळं दाखवतं खरं, पण सिग्नल कमजोर झाला की मातीचा परिणाम वरचढ होतो आणि गंजलेला लोखंडी पत्रासुद्धा चांगल्या धातूसारखा बोलायला लागतो. त्यापेक्षा कॉइल सावकाश वर उचलून बघा. वरवरची छोटी वस्तू असेल तर आवाज पटकन तुटतो, खाली मोठं काही असेल तर कॉइल बरीच वर गेली तरी आवाज टिकतो, रुंदही लागतो.

आणि मला जे सांगायचंय ते इथेच आहे. मोठी कॉइल तुम्हाला नेमकं काय शोधून देते? खोलवरचं आणि मोठं. नांगरट साधारण 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जाते, तेवढी माती आधीच उलटीपालटी झालेली असते. त्याच्याखालचे थर मात्र शेकडो वर्षं कुणी हलवलेले नसतात, आणि वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी, कशी ठेवली होती ही माहिती एकदा फावडं लागलं की गेलीच.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ 2010 साली डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या डेव्ह क्रिस्प ह्यांना रोमन नाण्यांचा हंडा लागला. मडक्याचं तोंड दिसल्याबरोबर त्यांनी खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी तो हंडा थराथराने रिकामा केला, 52,503 नाणी निघाली. सगळ्यात नवीन नाणी हंड्याच्या तोंडाशी असायला हवी होती, पण त्यातली बरीचशी मध्यावर निघाली, म्हणजे हंडा वर्षानुवर्षं थोडा थोडा भरलेला नसून बहुधा एकदाच भरला असं कळलं. क्रिस्प ह्यांनी पोत्यात नाणी ओतून घरी नेली असती तर नाणी तेवढीच राहिली असती, पण हे कळायला काहीही मार्ग उरला नसता. सफोकमध्ये हॉक्सन इथे 1992 साली एरिक लॉज शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते, त्यांना खजिना लागला, त्यांनीही वेळेत थांबून कळवलं, म्हणून लाकडी पेटीच्या खुणासुद्धा हाती लागल्या. जर्सी बेटावर 2012 ला सुमारे 70 हजार नाण्यांचा गठ्ठा मिळाला तो तर मातीसकट एकसंध उचलला आणि नंतर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं एकेक नाणं सुटं केलं. मला ही माणसं खरंच मोठी वाटतात, समोर एवढं दिसत असताना हात मागे घेणं सोपं नाही.

दुसरी शक्यता जास्त वाईट. मोठं, खोल आणि जोरदार सिग्नल देणारं लोखंड म्हणजे न फुटलेला बॉम्बसुद्धा असू शकतो, जिथे लढाया झाल्या किंवा सरावाचे गोळे डागले गेले तिथे तर हमखास धरूनच चालावं. युरोपात महायुद्धांचे बॉम्ब आजही निघतात आणि माणसं आजही दगावतात. बॉम्ब नसेल तर विजेची केबल असेल, गॅसची लाइन असेल. काहीच नसलं तरी कमरेपेक्षा खोल, आधार न दिलेला खड्डा आत ढासळून माणूस गाडला जातो, ह्याला खजिनाही लागत नाही आणि बॉम्बही लागत नाही.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी ह्या विषयावर छापाल तेव्हा दुप्पट खोलीचं वाक्य दुरुस्त करा, आणि शेजारी एक चौकट टाका: जमीनमालकाची परवानगी, त्या त्या देशाचा पुरावस्तूंचा कायदा, आणि नांगरटीच्या खाली मोठा सिग्नल लागला तर कुणाला कळवायचं. कॉइल कोणती घ्यावी ह्याच्यावर पानभर मजकूर येतो, हे चार ओळींचं काम आहे.

आपला,
एक वाचक