गेमिंग परिषदेत मॉडरेटर कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेमिंग उद्योगाच्या परिषदांच्या बातम्यांत गुंतवणूक, रोजगार आणि डाउनलोड यांचे आकडे भरपूर असतात. मे 2025 मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ या दृकश्राव्य आणि मनोरंजन उद्योगाच्या परिषदेबाबतही तेच दिसले. खेळाडूंच्या समुदायाचा विषय निघालाच, तर तो ‘एंगेजमेंट’च्या, म्हणजे खेळाडू रोज किती वेळ खिळून राहतो याच्या हिशेबाने. तोच खेळाडू बाकीच्यांशी काय बोलतो आणि ते कोण सांभाळते, हे विचारायला कोणी बसत नाही. ते सांभाळतो मॉडरेटर, म्हणजे गटातल्या बोलण्यावर लक्ष ठेवून वाईट संदेश काढणारा माणूस.

परदेशात हा विषय जुना आहे. गेम तयार करणारे आणि त्यांचा अभ्यास करणारे रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्येच ऑनलाइन खेळाडूंचे चार स्वभाव मांडले होते: गुण मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला छळण्यात रमणारे. ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात 2008 पासून खेळाडू मतदानाने स्वतःचे प्रतिनिधी मंडळ निवडतात आणि कंपनी त्यांच्याशी चर्चा करते. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाने प्रतिस्पर्धी संघाशी होणारे चॅट मुळातच बंद ठेवले. ज्याला हवे त्याने ते सुरू करावे. चॅटचा वापर जवळपास तेवढाच राहिला, पण वाईट बोलणे सुमारे 30 टक्क्यांनी घटले. एक बटण आधीच बंद ठेवल्याने एवढा फरक पडला, हे आपल्याकडच्या व्यासपीठावरून सांगायला हवे.

सोलापूरची अडचण मात्र अशा भाषणांतही सापडणार नाही. इथे चौघांच्या एका स्क्वाडमध्ये (संघात) शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा, अक्कलकोटकडचा कानडी, एखादा दखनी उर्दू बोलणारा आणि एक मराठी असे सहज जमतात. लिहितात सगळे रोमन अक्षरांत, पण प्रत्येकाचे रोमन वेगळे. तेलुगू-कानडीवाले ‘त’साठी टी-एच लिहितात, मराठीत ती अक्षरे ‘थ’ची. ‘व’ला कोणी व्ही लावतो, कोणी डब्ल्यू. मग एकाच शिवीची दहा-बारा रूपे होतात आणि इंग्रजीसाठी तयार केलेल्या, फिल्टरने अडवायच्या शब्दांच्या यादीत त्यातले एकही नसते.

यादी करायचीच तर आधी मजकूर सारखा करून घ्यावा लागतो. सगळी अक्षरे लहान करायची, मधले ठिपके आणि मोकळ्या जागा काढायच्या, शून्याचा ओ आणि एकचा आय करायचा, लांबवलेले स्वर एकावर आणायचे, आणि मग यादीशी ताडायचे. इथेच घोळ होतो. मोकळ्या जागा काढल्या की दोन साधे शब्द चिकटून तिसराच अर्थ निघतो. शब्दाचा तुकडा पकडणारा फिल्टर तर निरपराध नावेही अडवतो. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना 1996 मध्ये याच कारणाने एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना. म्हणून पूर्ण शब्द जुळला तरच संदेश आपोआप काढावा. तुकडा जुळला तर तो फक्त माणसाच्या नजरेस आणावा, आणि तो माणूस त्या भाषेचा असावा.

याहून अवघड आहे ते आडनावावरून, गावावरून, जातीवरून हिणवणे. त्यात शिवी म्हणावी असा शब्दच नसतो, सगळे रोखात असते. त्याला कोणतीही यादी पुरत नाही. शिवाय बोलणे बहुतेक व्हॉइस चॅटवर चालते, तिथे मजकुराचा फिल्टर बहिराच. तक्रार करणाऱ्याने निदान सामन्याची वेळ, समोरच्याचा आयडी क्रमांक आणि निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट लगेच घ्यायला हवा. टोपणनाव बदलता येते, आयडी बदलत नाही. नुसते टोपणनाव दिलेल्या तक्रारीचे पुढे काही होत नाही.

शिक्षेची पायरीही ठरलेली असावी: इशारा, 24 तास बोलणे बंद, 7 दिवस बाहेर, मग कायमचे. धमकी किंवा लहान मुलांना त्रास असेल तर पायऱ्या नाहीत, थेट बाहेर. प्रत्येक वेळी नेमके कोणते वाक्य खटकले ते त्याला दाखवायचे. कारण न सांगता काढलेला खेळाडू दुसरे खाते काढून त्याच रागाने परत येतो. अपील आलेच तर शिक्षा देणाऱ्याने ते ऐकू नये. दोनच मॉडरेटर असलेल्या गटात हा नियम पाळला जात नाही, आणि भांडणे बहुधा तिथूनच सुरू होतात.

हे काम करणारे बहुतेक विद्यार्थी, तेही बिनपगारी. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन मिळाले. त्यामुळे इतके दिवस पैशांच्या खेळांवर खिळलेले लक्ष आता तरी इकडे वळावे. परिषदेच्या आयोजकांना आमची सूचना साधी आहे. भाषणांऐवजी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा ठेवा. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनीचा प्रत्येकी एक मॉडरेटर बोलवा आणि खेळाडूंची नावे झाकलेले खरे संदेश पडद्यावर दाखवून प्रत्येकाला निर्णय द्यायला सांगा. जिथे चौघांचे पटणार नाही, तेवढेच संदेश कंपनीच्या अभियंत्यांपुढे ठेवा. सोलापूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे, तेव्हा परिषद कुठेही भरली तरी मुले येतील. प्रवासखर्च आणि मानधन मात्र आयोजकांनी द्यावे. पाहुण्या वक्त्यांना ते मिळतेच.

आपले,
खेळाडूंचे गट सांभाळणारे काही मॉडरेटर,
सोलापूर