गोळीचं नाव न काढता

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

बंगळूरला पोचल्याचा मेसेज मिळाला. स्टँडवर तुझ्या मैत्रिणींसमोर मी रक्त पातळ ठेवायच्या गोळीचं विचारलं आणि तू तोंड फिरवलंस. त्यावरून आईनं घरी मला चांगलंच सुनावलं. म्हणून या पत्रात गोळीचं नाव काढायचं नाही, असं ठरवून बसलोय.

मेसचं जेवण कसं आहे? पालेभाजी देतात का? खा, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नकोस. त्यात के जीवनसत्त्व असतं, गोळीचा जोर कमी होतो, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, खाली येतो.

झालं. काढलंच नाव.

तुझ्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी हृदयात बसवायच्या व्हॉल्व्हचा नमुना माझ्या हातात दिला होता. उद्यमनगरात लेथवर जन्म गेलेला माणूस मी, आधी फिनिशिंगच बघितलं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयाचे सर्जन वलियाथन सरांच्या लोकांना तो चौथ्या डिझाइनला जमला. आधीच्या एकात टायटॅनियम झिजलं, एकात नीलमण्याची चकती मेंढीच्या हृदयात फुटली. मग कोबाल्ट-क्रोमची चौकट आणि पॉलिएथिलीनची चकती. डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या माणसाला बसवला. चकती उघडझाप करताना स्वतःभोवती फिरतही राहते, म्हणून एकाच जागी घासत नाही. दिवसाला लाखभर वेळा उघडझाप! असलं काम आपल्या हातून व्हायला पाहिजे होतं, असं वाटलं मला.

पण मटेरियल कितीही चांगलं असलं तरी रक्त त्याला परकंच मानतं, गुठळी धरायला बघतं. त्यासाठीच ती गोळी, रोज त्याच वेळेला. आणि दाढ दुखली तरी परस्पर ब्रुफेन घ्यायची नाही. भाषण झालं, माफ कर.

बारावीच्या पेपरला तुझ्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकून सुपरवायझर बाई म्हणाल्या, कुणाचं घड्याळ वाजतंय? तू दोन्ही मनगटं वर करून दाखवलीस. ते अजून मी वर्कशॉपात सगळ्यांना सांगतो.

शिंगणापूरचे परत विचारून गेले. मी विषय वाढवला नाही. पुढं मूलबाळाचा विचार झाला तर या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारायचं, नंतर नाही. हे खरं आईनं लिहायचं, पण ती लिहीत नाही.

पहिला पगार झाला की आत्याला फोन कर, नाहीतर तिचं तुला माहीत आहे. आणि सोमवारी लॅबमधून आयएनआरचा आकडा आला की आधी तो मला पाठव. अडीचच्या खाली असला तर लपवू नकोस.

तुझे,
बाबा