चावीवाल्याचं चुकलं का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मुलीच्या कॉलेजात पालकांची मीटिंग होती, तिथं एका सरांनी सरळ सांगितलं की पोरं रात्री मोबाईलवर गोष्टीतली पात्रं बनून लिहित बसतात, रोलप्ले म्हणतात त्याला, ते बंद करा, डोकी खराब होतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण डोलावली आणि घरी येऊन पोरीचा फोन काढून घेतला. आठ दिवसांनी मीच परत दिला. का दिला ते सांगायला हे पत्र लिहितोय, लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

ज्यांच्या घरात हा प्रकार नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पा मारायच्या अ‍ॅपवर पाच-सहा जणांचा ग्रुप असतो, सगळे एकाच अ‍ॅनिमेचे (म्हणजे जपानी कार्टून मालिकेचे) नाहीतर गेमचे फॅन. त्या गोष्टीतलं जग घ्यायचं आणि त्यात आपलं स्वतःचं एक पात्र सोडायचं, त्याला ही पोरं ओसी म्हणतात. एकानं पाच-सात ओळी लिहायच्या, मग दुसऱ्यानं आपल्या पात्राकडनं उत्तर द्यायचं, असं महिनोन्‌महिने चालतं. हे कालचं फॅड नाही. टेबलाभोवती बसून पात्रं बनून खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 सालचा आहे, आणि इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या पोरांनी कॉम्प्युटरवर टाइप करून एकत्र खेळायचं एक अख्खं जग 1978 साली बनवायला घेतलं होतं, म्हणजे मी शाळेतसुद्धा गेलो नव्हतो तेव्हा.

याचे नियम मला मुलीनं सांगितले आणि तिथंच माझं मत बदलायला सुरुवात झाली. पहिला नियम, गॉडमोडिंग चालत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रानं काय केलं ते आपण लिहायचं नाही. "मी त्याला ढकललं आणि तो पडला" असं लिहिता येत नाही, "मी ढकललं" इथं थांबायचं, पडला का सावरला का उलटा धावून आला ते त्याचं तो लिहिणार. दुसरा म्हणजे मेटागेमिंग नको, जे आपल्याला माहीत आहे पण आपल्या पात्राला माहीत नाही ते वापरायचं नाही. साहेब, पन्नाशीला आलो, भावकीच्या भांडणात मला हे दोन नियम कधी पाळता आले नाहीत. समोरचा काय विचार करत असेल ते आपणच ठरवतो आणि त्यावर आपणच चिडतो.

आता तिची गोष्ट सांगतो. अ‍ॅनिमे जपानी आहे पण माझ्या पोरीनं त्यातल्या दुष्काळी शहरात आपल्या गल्लीतला माणूस नेऊन बसवला, पाणी सोडणारा चावीवाला. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, चावीवाला कधी येतो याच्यावर सगळ्या घराचं टाइमटेबल चालतं. तर तिच्या गोष्टीतला चावीवाला एका रात्री एका गल्लीचं पाणी अर्धा तास आधी बंद करतो आणि दवाखाना असलेल्या गल्लीकडं वळवतो, तिथं बाळंतीण अडलेली असते. बाई वाचते. पण ज्या गल्लीचं पाणी तोडलं तिथली एक म्हातारी अंधारात लांबच्या विहिरीवर जाते आणि पाय घसरून पडते. म्हातारीचा नातू हे पात्र नाशिकचा एक मुलगा लिहितो, आणि तो काय माफ करायला तयार नाही.

मी फोन काढून घेतला होता ना, तेव्हा ते सगळं वाचलं. विचारून वाचायला पाहिजे होतं, तसं तिला नंतर बोललो. रात्री साडेअकराला एकदा ओरडलो होतो, "काय करालीस गं अजून?" तर तेव्हा ती काय करत होती ते आता कळलं. डबल कंसात ते लोक पात्राबाहेर येऊन बोलतात, तिथं दोन दिवस वाद चाललेला. एकजण म्हणतो, चावीवाल्यानं निदान गल्लीत हाक मारून सांगायला पाहिजे होतं. दुसरी म्हणते, सांगितलं असतं तर लोकांनी वळवूच दिलं नसतं. नातू लिहिणारा म्हणतो, बाळंतीण वाचली ते चांगलंच झालं पण माझ्या आजीला कुणी विचारलं? आणि माझी मुलगी, जी घरात भाजीवरनं पण हार मानत नाही, तिनं लिहिलंय की तुझं बरोबर आहे, मी हाक मारायचा विचारच केला नव्हता, पुढच्या वळणात त्याला हे कळलं असं लिहू का? हे वाचून मी गप्पच बसलो.

कोहलबर्ग नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, बी.एड. केलेल्यांना माहीत असतील. 1950 च्या दशकात ते मुलांना एक गोष्ट सांगायचे, बायको मरायला टेकलीय, औषधवाला दहापट किंमत मागतोय, नवऱ्यानं औषध चोरावं का? मूल हो म्हणालं का नाही म्हणालं याला ते फारसं महत्त्व देत नव्हते, का म्हणालं ते बघायचे. माझ्या पोरीचा ग्रुप रोज रात्री हेच करतोय, आणि वर समोर एक खरा माणूस बसलाय जो म्हणतो थांब, तुझं कारण मला पटलं नाही. वहीत एकट्यानं निबंध लिहिला तर हे होत नाही. चांगला आणि वाईट असे सरळ दोन गट असलेल्या गोष्टीत पण होत नाही, तिथं राक्षस मारला की संपलं.

आपल्याला हे नवीन आहे का? नाही. माझी आजी "नरो वा कुंजरो वा" सांगताना धर्मराजाचा रथ चार बोटं वर चालायचा तो खाली आला इथं थांबायची आणि विचारायची, मग त्यानं काय करायचं होतं रे? आम्ही पोरं भांडायचो. दर 12 जानेवारीला आपण सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो, पोरं पाठ केलेलं भाषण म्हणतात, 1930 चा सोलापुरातला इंग्रजांचा मार्शल लॉ, 1931 ची येरवड्यातली फाशी, तारखा बरोबर. पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना त्या वेळच्या कोर्टानं गुन्हेगार ठरवलं होतं, मग कायदा आणि न्याय एकच का, हे वर्गात कुणी विचारत नाही. माझ्या मुलीनं परवा जेवताना विचारलं, "पप्पा, फाशीच्या वेळी तिथं पहाऱ्यावर असलेला आपलाच शिपाई घरी जाऊन बायकोला काय बोलला असेल?" हा प्रश्न तिला पुस्तकानं शिकवलेला नाही.

धोके आहेत, ते झाकायचे नाहीत. अनोळखी माणसं असतात, मोठी माणसं पोरं बनून येतात, डिस्कॉर्डचीच अट तेरा वर्षांची आहे पण दहा वर्षांची पोरं घुसतात. आमच्या घरात आता ठरलंय, खरं नाव, कॉलेज, फोटो द्यायचा नाही, कुणी एकट्यात बोलायला लागला तर मला नाहीतर आईला दाखवायचं, आणि साडेदहाला फोन हॉलमध्ये. फोन हिसकावून घेण्यापेक्षा हे अवघड आहे, रोज लक्ष द्यावं लागतं. पण सरसकट बंद करा म्हणणाऱ्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा कुणाची तरी दोन पानं वाचा, पोरांना विचारून वाचा.

आणि आपल्याकडं एक मागणं. रविवारच्या अंकात थोडी जागा द्या, अर्धी गोष्ट छापा, जिथं दोन्ही बाजू खऱ्या आहेत अशी, आणि पुढचं वळण शाळा-कॉलेजच्या पोरांकडनं मागवा, कारणासकट. मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्या घरातली पोरं लिहितील, एकमेकांना उत्तरं देतील.

तिच्या गोष्टीत आता पंचायत बसलीय. चावीवाल्याची नोकरी ठेवायची का काढायची. मुलीनं मला विचारलं, तुम्ही पंच असता तर काय केलं असतं? तीन दिवस झाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक पालक, पूर्व भाग, सोलापूर