छपरावर गवत लावले म्हणजे इमारत डोंगरात मिसळत नाही

महोदय,

आल्प्समधल्या वेलनेस हॉटेलांची छायाचित्रे अलीकडे मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत वारंवार दिसतात. गवताळ छप्पर, करड्या दगडाची भिंत, वाफाळणारा तलाव, आणि खाली ‘निसर्गाशी एकरूप’ अशी ओळ. आता सह्याद्रीतल्या रिसॉर्टच्या जाहिरातींतही तशीच चित्रे येऊ लागली आहेत. चित्राची नक्कल सोपी आहे. पण अशा इमारतीचे खरे काम जमिनीखाली आणि छपराच्या थरांमध्ये होते, आणि त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही. पर्वतीय बांधकामाशी रोजचा संबंध असल्याने आम्हाला ते मांडावेसे वाटते.

या प्रकारातले सर्वात अभ्यासलेले उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातले वाल्स गाव, उंची सुमारे १,२५० मीटर. तिथले १९६०च्या दशकातले हॉटेल दिवाळखोरीत गेले, ते १९८३ मध्ये गावानेच विकत घेतले आणि नव्या स्नानगृहाचे (गरम झऱ्याच्या तलावांच्या सार्वजनिक इमारतीचे) काम पीटर झुमथोर या वास्तुरचनाकाराकडे सोपवले. १९९६ मध्ये ते खुले झाले आणि दोनच वर्षांत संरक्षित वास्तूंच्या यादीत गेले. इमारत उतारात रोवलेली आहे. वरून पाहिले तर कुरणच पुढे चालू राहिल्यासारखे दिसते. आत जायचा मार्ग जुन्या हॉटेलातून, भुयारी आहे, त्यामुळे दर्शनी दार, पोर्च, गाड्यांचे वळण यातले काहीच उतारावर आले नाही.

दगड त्याच दरीतल्या खाणीचा, वाल्सचा क्वार्टझाइट. सुमारे ६०,००० लाद्या लागल्या. जाडी तीनच: ३१, ४७ आणि ६३ मिलिमीटर. कोणत्याही क्रमाने तिन्ही रचल्या तरी सांध्यांसह बेरीज १५ सेंटिमीटरच होते. त्यामुळे भिंत नैसर्गिक थरांसारखी अनियमित दिसते, तरी पायरी, उंबरठा, तलावाचा काठ यांची पातळी चुकत नाही. आणि हा दगड वरून चिकटवलेला नाही. लाद्यांची रचना हेच एका बाजूचे शटरिंग, आणि तिच्या मागे काँक्रीट ओतलेले, म्हणजे दोन्ही मिळून भार घेतात. चिकटवलेल्या दगडाच्या मागे पाणी शिरले की ते गोठते, फुगते आणि काही हिवाळ्यांत लादी सुटते. आल्प्समधल्या कितीतरी ‘दगडी’ हॉटेलांचे कोपरे असेच उघडे पडलेले दिसतात.

आता छपराचे गणित. स्विस मानकानुसार सपाट जमिनीवरच्या बर्फाचा भार समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या वर्गाने, म्हणजे उंची गुणिले उंची या प्रमाणात, वाढतो. १,२५० मीटरवर तो चौरस मीटरला साधारण ५५० किलो येतो आणि सपाट छपरासाठी त्याचा ०.८ पट धरतात, म्हणजे ४४० किलो. त्यावर १५ सेंटिमीटर भिजलेल्या मातीचे दोनशेहून अधिक किलो, शिवाय स्लॅबचे स्वतःचे वजन वेगळेच. तुलनेसाठी, आपल्याकडे वावराच्या गच्चीसाठी मानक चौरस मीटरला १५० किलो भार धरते. गवताचे छप्पर ठरवायचे असेल तर ते खांबांचे अंतर ठरण्याआधी ठरवावे लागते. मागाहून सुचले तर माती पातळ होत जाते, आठ सेंटिमीटरवर येते, आणि ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यात छप्पर पिवळे पडून हिरव्या उतारावर ठिगळासारखे उठून दिसते.

सर्वाधिक चुका मात्र वाफेच्या बाबतीत होतात. तलावाच्या दालनात हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के असेल, तर दवबिंदू २० अंशांच्या आसपास येतो. बाहेर उणे दहा असताना खिडकीची चौकट, स्लॅबची कड, छज्ज्याचा काँक्रीटचा जोड यातला कोणताही पृष्ठभाग २० अंशांखाली गेला की तिथे पाणी धरते. शंभर चौरस मीटरचा तलाव वापरात असताना तासाला वीसेक लिटर पाणी हवेत सोडतो, ते कुठेतरी जाणारच. म्हणून छपराचे थर आतून बाहेर याच क्रमाने लागतात: स्लॅब, अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेला बाष्परोधक थर, उष्णतारोधक, मुळांना दाद न देणारे वॉटरप्रूफिंग, संरक्षक चटई, निचऱ्याचा थर, गाळणकापड आणि शेवटी माती. बाष्परोधकाला पाइपसाठी पाडलेले एक भोक नीट बंद केले नाही, तर उष्णतारोधक आतून भिजत जातो आणि वरच्या गवतामुळे गळती शोधताही येत नाही. दालनातली हवा शेजारच्या भागापेक्षा किंचित कमी दाबाची ठेवावी लागते, नाहीतर वाफ निवासी खोल्यांच्या भिंतींत शिरते.

क्लोरीनयुक्त हवेत साधे स्टेनलेस स्टीलही टिकत नाही. स्वित्झर्लंडमध्येच उस्टर इथल्या तरणतलावाचे टांगलेले काँक्रीटचे छत मे १९८५ मध्ये कोसळले आणि १२ जण मृत्युमुखी पडले. छत धरणाऱ्या स्टेनलेसच्या सळ्यांना ताणाखाली गंजाने तडे गेले होते. आमचे मत ठाम आहे: तलावावर काहीही टांगू नये, आणि टांगायचेच झाले तर या वातावरणासाठीच प्रमाणित धातू वापरून ठरावीक मुदतीने प्रत्येक आधार डोळ्यांनी तपासता येईल अशी वाट ठेवावी.

उतारात इमारत रोवली की डोंगरातून झिरपणारे पाणी अडते. मागच्या भिंतीआड तीन मीटर पाणी साचले तर तळाशी चौरस मीटरला तीन टनांचा दाब येतो. म्हणून भिंतीमागे खडी, तिच्याभोवती गाळणकापड, तळाशी छिद्रांचा पाइप, आणि पाइपचे तोंड हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या पातळीखाली. तोंड गोठले की बाकी सगळी व्यवस्था निरुपयोगी ठरते. जवळ गरम पाण्याचा झरा असेल तर खोदाईने त्याची वाटच बदलू शकते. स्विस कायदा झऱ्याभोवती तीन संरक्षण पट्टे आखतो आणि आतल्या दोनांत इमारतीला सहसा परवानगी देत नाही.

आणि माती. खोदण्याआधी कुरण मुळांसकट चौकोनी तुकड्यांत कापून बाजूला ठेवायचे, ओले राखायचे आणि लवकर परत बसवायचे. उरलेल्या जागेवर शेजारच्याच कुरणातले बी धरलेले गवत कापून पसरायचे. बाजारातले बियाणे पेरले तर ते भडक हिरवे उगवते आणि डोंगराशी त्याचा रंग वर्षानुवर्षे जुळत नाही.

इमारत लपली तरी रस्ता लपत नाही. यावर चांगले उत्तर इटलीच्या साउथ टायरॉलमध्ये आहे. लाना गावावरच्या डोंगरात १,५०० मीटरवर माटेओ थुन यांनी रचलेले व्हिजिलियस हे हॉटेल २००३ पासून चालते, आणि तिथे गाडी पोचतच नाही. १९१२ मध्ये सुरू झालेल्या रोपवेनेच वर जायचे.

सह्याद्रीत हे चित्र तसेच उचलता येणार नाही. इथे बर्फ नाही, पण महाबळेश्वरला चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा छपरावरच्या मातीपेक्षा तिच्याखालच्या निचऱ्याचे आकारमान महत्त्वाचे. जांभ्याचा थर आणि खालचा बेसाल्ट यांच्या सांध्यावर आपले झरे फुटतात. नेमका तोच सांधा रिसॉर्टच्या पायासाठी कापला जातो आणि खालच्या वाडीची विहीर आटते. सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरची, माती काही सेंटिमीटरच असते. तिथे बाहेरून लाल माती आणून ‘हिरवे छप्पर’ केले तर तिच्याबरोबर तणही येते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे आणि इतर पठारांवर एक स्विस पद्धत लगेच लागू करता येईल. परवानगीआधी त्या देशात नियोजित इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर छपराच्या उंचीचे खांब उभारतात आणि हरकतींची मुदत संपेपर्यंत ते तसेच ठेवतात. दरीच्या पलीकडून कुणालाही दिसते की काय येऊ घातले आहे. आपल्याकडे हे बांबूंनी होईल, खर्चही फारसा नाही. स्थानिक नियोजन समित्यांनी संगणकावरच्या रंगीत चित्रांऐवजी हे बांबू, उताराचे छेदचित्र, खोदलेली माती कुठे ठेवणार याचा नकाशा आणि तलावाचे क्लोरीनयुक्त पाणी कोणत्या ओढ्यात सोडणार याचे लेखी उत्तर मागावे, अशी आमची विनंती आहे.

— वास्तुरचनाकार व स्थापत्य अभियंत्यांचा एक गट, पुणे