किल्ली हाती येईल त्या दिवशी

पुणे, ऑक्टोबर २०२५

चि. राजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या शुक्रवारी लीड्समधल्या तुमच्या घराची किल्ली हाती येणार, हे तू परवा फोनवर सांगितलेस आणि तुझ्या आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. मी त्या वेळी फारसे बोललो नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते आकड्यांचे आणि कागदपत्रांचे आहे आणि ते तुमच्या समोर लिहिलेले असलेले बरे. आजवरच्या तुमच्या भाड्याच्या घरात वीज, गॅस आणि पाणी भाड्यातच धरलेले होते, त्यामुळे संसाराचा हा भाग तुला आणि सूनबाईला दोघांनाही नवा आहे.

आपण १९९४ साली कोथरूडचा फ्लॅट घेतला तेव्हा आधीच्या मालकाने विजेची पाच महिन्यांची बिले थकवलेली होती आणि ती आपल्याला भरावी लागली, हे तुला माहीत आहे. आयुष्यभर वीज मंडळात आणि २००५ नंतर महावितरणमध्ये बिलांचेच काम करूनही खरेदीखताच्या गडबडीत त्यांच्याकडून शेवटची पावती मागून घ्यायची माझ्याकडून राहिली, ही गोष्ट मला आजही बोचते. आपल्याकडे थकबाकी जोडणीला चिकटते आणि जागेबरोबर पुढच्या मालकाकडे येते. इंग्लंडमध्ये ती त्या काळात तेथे राहणाऱ्या माणसाच्या नावावर राहते. ही व्यवस्था तुमच्या सोयीची आहे खरी, पण तिच्यामुळे सगळा हिशेब एकाच प्रश्नावर येऊन ठरतो: घर कोणत्या दिवशी आणि मीटरच्या कोणत्या आकड्यावर तुमच्याकडे आले? याचा पुरावा तुमच्याजवळ नसेल, तर अंदाजे आकडा धरला जाईल आणि आधीच्या लोकांनी जाळलेला गॅस तुमच्या पहिल्या बिलात येऊन बसेल.

म्हणून शुक्रवारी सामानाची गाडी रिकामी होण्याआधी दोन्ही मीटरांचे फोटो काढ. फोटोत नुसता आकडा नको, मीटरवर कोरलेला क्रमांकही स्पष्ट दिसला पाहिजे, कारण पहिले बिल येईल तेव्हा त्यावरचा मीटर क्रमांक याच फोटोशी ताडून पाहायचा आहे. विजेचा हिशेब तुला सहज कळेल. तेथेही एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तासच. गॅसचे मात्र नीट समजून घे. मीटर घनमीटर मोजतो, पण पैसे किलोवॉट-तासांवर लागतात. घनमीटरला १.०२२६४ ने गुणतात, मग गॅसच्या उष्मांक मूल्याने, म्हणजे घनमीटरमागे मिळणाऱ्या उष्णतेने, जे साधारण ३९ च्या आसपास असते आणि बिलावर छापलेले असते, आणि शेवटी ३.६ ने भागतात. महिन्यात १०० घनमीटर गॅस जळला तर बिलावर सुमारे अकराशे किलोवॉट-तास दिसतील, ते पाहून घाबरू नकोस. काही जुन्या घरांत शंभर-शंभर घनफुटांत मोजणारे मीटर अजून आहेत आणि त्यांच्यासाठी आणखी २.८३ ने गुणावे लागते. तुमचा मीटर घनमीटरचा असताना कोणी तो घनफुटांचा धरला, तर बिल जवळजवळ तिप्पट होईल. त्यामुळे मीटरवर कोणते एकक लिहिले आहे तेही त्याच फोटोत येऊ दे.

मीटर आगाऊ पैसे भरण्याचा असेल, तर आधीच्या लोकांचे कार्ड किंवा चावी घालून त्यात एक पौंडही भरू नकोस. थकबाकी माणसाची असते असे मी वर लिहिले, पण अशा मीटरात जुन्या कर्जाची नोंद राहिलेली असते आणि तुम्ही भरलेल्या पैशांतून ते कर्ज आपोआप वळते होते. आधी कंपनीला फोन करून मीटर तुमच्या नावाने कोरा करून घ्यायचा आणि मगच पैसे भरायचे.

घरात पाऊल ठेवताच वीज आणि गॅस चालू असतील, कारण जी कंपनी आधीपासून पुरवठा करते तिच्याशी तुमचा करार झाला असे कायद्याने मानले जाते. ती कंपनी कोणती, हे विक्रेत्याला विचार. त्याने सांगितले नाही, तर विजेसाठी तुमच्या भागातील तारांचे जाळे सांभाळणाऱ्या नॉर्दर्न पॉवरग्रिडकडे चौकशी करता येते. त्याच आठवड्यात नाव, तारीख आणि आकडे कंपनीला कळव. नंतर दुसरी कंपनी निवडायला तुम्ही मोकळे आहात, पण पहिले बिल हाती आल्याशिवाय घाई करू नये असे माझे मत आहे. ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी दराची जी कमाल मर्यादा ठरवते, ती प्रत्येक युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, तुमच्या एकूण बिलावर नसते. जास्त जाळाल तर जास्तच भराल.

आता हप्त्याचे. तेथे बहुतेक लोक वर्षाच्या अंदाजाचे बारा सारखे भाग करून डायरेक्ट डेबिटने, म्हणजे कंपनीने बँक खात्यातून परस्पर रक्कम काढून घ्यायची अशा पद्धतीने, पैसे देतात. उन्हाळ्यात थोडे जास्त जमा होतात आणि ते हिवाळ्यात खर्ची पडतात. तुम्ही मात्र ऐन थंडीच्या तोंडावर घरात जात आहात, म्हणजे उन्हाळ्याची शिल्लक नसतानाच खर्चाचे महिने सुरू होतील. फेब्रुवारीपर्यंत खाते उण्यात गेले आणि कंपनीने हप्ता वाढवला, तर काहीतरी चुकले असे लगेच समजू नकोस. मात्र दर महिन्याला स्वतः आकडा नोंदव आणि कंपनीला पाठव, म्हणजे वाढ खऱ्या वापरावर होईल. कंपनीच्या चुकीमुळे बिल यायचे राहिले, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती घरगुती ग्राहकाकडून मागू शकत नाही, आणि तक्रार आठ आठवड्यांत मिटली नाही तर ऊर्जा लोकपालाकडे जाता येते. हे दोन नियम लक्षात राहू देत.

पाण्यासाठी कंपनी निवडता येत नाही. लीड्सला यॉर्कशायर वॉटरच. मीटर नसेल तर घराच्या जुन्या करपात्र मूल्यावर ठोक आकारणी होते. तीन शयनगृहांच्या घरात तुम्ही दोघेच राहणार, तेव्हा मीटर मागून घेतलेला परवडेल, आणि तो विनाशुल्क बसवतात. मुख्य नळ बंद करण्याची तोटी बहुधा स्वयंपाकघरातील सिंकखाली असते. ती पहिल्याच दिवशी शोधा आणि सूनबाईलाही फिरवून पाहू दे. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९ आणि वीज गेली तर १०५, हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कौन्सिल टॅक्स म्हणजे आपल्या महापालिकेचा मिळकत कर असे धरून चाल, मात्र तो एरवी राहणाऱ्याने भरायचा असतो. १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत झाली असती, तिच्यावरून ए ते एच यांपैकी गट ठरलेला असतो. घर तुमचे झाले त्या दिवसापासून तो लागू होतो, राहायला पुढच्या आठवड्यात गेलात तरीही. साधारणपणे एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते असतात. मागितले तर बारा करून मिळतात आणि महिन्याचा भार हलका होतो. कौन्सिलला कळवतानाच मतदार यादीत नावे घाल. तुम्ही भारतीय नागरिक असलात तरी राष्ट्रकुलातील देशाचे रहिवासी नागरिक म्हणून तेथे तुम्हाला मताचा हक्क आहे, आणि या नोंदीवरून बँका तुमचा पत्ता पडताळतात, त्यामुळे पतही सुधारते.

बँकेबाबत माझा सल्ला असा की, घरखर्चासाठी दोघांच्या नावे एक वेगळे खाते उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी दोघांच्या खात्यांतून ठरावीक रक्कम स्टँडिंग ऑर्डरने, म्हणजे बँकेला दिलेल्या कायमच्या सूचनेने, तेथे येऊ दे आणि घराची सगळी डायरेक्ट डेबिट त्याच एका खात्यावर ठेवा. स्टँडिंग ऑर्डरची रक्कम तुम्ही ठरवता. डायरेक्ट डेबिटची रक्कम कंपनी ठरवते, अगदी आपल्याकडच्या एनएसीएच मँडेटसारखी, म्हणजे हप्ते कापायला बँकेला दिलेल्या परवानगीसारखी. तरीही कंपनीने चुकून पैसे काढले, तर डायरेक्ट डेबिट हमीप्रमाणे तुमची बँक ते पूर्ण परत देते, म्हणून कंपनीशी वाद घालत बसण्याआधी बँकेला सांगावे. संयुक्त खात्यात ओव्हरड्राफ्ट झाला तर त्या सगळ्या रकमेला दोघेही जबाबदार असतात आणि दोघांची पत एकमेकांशी जोडली जाते, हे सूनबाईला आधी सांग आणि तिची संमती घे. गृहकर्जाचा पहिला हप्ता नेहमीपेक्षा मोठा येईल, कारण त्यात ताबा मिळाल्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतचे व्याजही असते. तेवढी रक्कम फर्निचरमध्ये घालवू नका.

एक गोष्ट मात्र इथली आहे आणि ती मला खरोखर अस्वस्थ करते. डेक्कनवरच्या बँकेतले तुझे बचत खाते अजून निवासी म्हणूनच चालू आहे. परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे ते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ खाते व्हायला हवे होते आणि हे काम आपण दोघांनी फार लांबवले. बॉयलर बदलण्यासाठी तेथून पैसे न्यायचा तुझा विचार आहे, पण आधी खाते बदलून घेऊ. एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, त्यामुळे तुझ्या गरजेला मर्यादेचा अडथळा नाही, फक्त परदेशी पैसे पाठवण्याचे प्राप्तिकर खात्याचे फॉर्म लागतील आणि त्यासाठी आपल्या सीएंशी मी बोलून ठेवतो. इथल्या व्याजावर तीस टक्के आणि वर उपकर कापला जातो. दोन्ही देशांच्या करारान्वये तो पंधरा टक्क्यांवर येऊ शकतो, पण त्यासाठी तिथल्या करखात्याकडून रहिवासी असल्याचे प्रमाणपत्र मागवावे लागेल. हे व्याज तिथल्या विवरणपत्रातही दाखवायचे असते. इतकेच नव्हे, तर एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या अनिवासी ठेवीवरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी तिथे ते करपात्रच आहे. तिथले करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि आपले १ एप्रिलला, तेव्हा मार्चअखेरची बेरीज जशीच्या तशी उतरवू नकोस.

बँकेतून अर्ज मी उद्याच आणतो आणि त्याची छायाप्रत तुला पाठवतो. सही पारपत्रावरच्या सहीशी जुळती कर. शुक्रवारी मीटरचे फोटो मलाही पाठव. तुमच्याकडे दुपार असेल तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असेल, मी जागाच असेन आणि आकडे माझ्या वहीत उतरवून घेईन.

सौ. सूनबाईस आशीर्वाद. तुझी आई चिवडा आणि बेसनाचे लाडू पाठवते आहे. पार्सलवर नवा पत्ता घातला आहे.

तुझा,
बाबा