प्रार्थनेच्या विनंतीतली चहाडी

महोदय,

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून 40 दिवसांचा उपवासकाळ आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती घरांत पाळला जातो. मटण बंद होते, लग्नकार्ये पुढे जातात. जिभेला मात्र कोणी उपवास घडवत नाही. बायबलमधल्या यशया 58 मध्ये खऱ्या उपवासाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न देण्यासोबतच बोट दाखवणे आणि वाईट बोलणे सोडण्याची अटही तिथे आहे.

विदर्भातल्या खेड्यात ख्रिस्ती घरे थोडी आणि त्यांतली बरीचशी एकमेकांची सोयरी. एका वाक्याने ठरलेली सोयरीक मोडते, सख्खे भाऊ एका बाकावर बसेनासे होतात. असे वाक्य पानठेल्यावरच बोलले जाते असे नाही. घरोघरच्या प्रार्थनासभेत "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याची दारू पुन्हा सुरू झाली" असे कोणी म्हणते, आणि विनंती म्हणून सांगितल्याने त्याला कोणी टोकत नाही. रात्री तीच गोष्ट मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. ज्याचे नाव निघाले त्याला सगळ्यांत शेवटी कळते. मत्तय 18:15-17 मधला क्रम नेमका उलटा आहे. आधी एकट्याने जाऊन त्यालाच सांगायचे. नाही ऐकले तर एक-दोघांना सोबत न्यायचे. तरीही नाही, तेव्हाच मंडळीपुढे. पहिली पायरी टाळली जाते, कारण समोरासमोर बसल्यावर आपलीही चूक निघू शकते.

"खोटं थोडंच सांगितलं?" हा बचाव टिकत नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद 2477) तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत: पुरेशा आधाराशिवाय मनातच कोणाला दोषी ठरवणे, एखाद्याचा खरा दोष सबळ कारण नसताना माहीत नसलेल्याला सांगणे, आणि खोटे बोलून बदनामी करणे. ही विभागणी कोणत्याही पंथाच्या माणसाला उपयोगी आहे. यातला पहिला दोष तर तोंड उघडण्याआधीच घडून जातो.

म्हणून राखण मनापासून सुरू करावी लागते. वाईट विचार डोक्यात येणे हे पाप नव्हे. मोहाने पारख प्रभू येशूचीही झाली (इब्री 4:15). पण हरभरा सोंगताना कालचेच भांडण मनात पुन्हा पुन्हा लढायचे, दर खेपेला आपले उत्तर आणखी धारदार करायचे, आणि संध्याकाळी तो माणूस समोर आला की तयार उत्तर आपोआप बाहेर पडते. जीभ म्हणजे मोठे रान पेटवणारी लहानशी आग, असे याकोब 3:5 सांगते. मेळघाटात जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) वणवा लागण्याच्या आधी काढतात. विचारही पहिल्याच फेरीत अडवायला हवा. नुसता हाकलून भागत नाही. मत्तय 12:43-45 मधल्या झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात आधीपेक्षा वाईट पाहुणे शिरले. त्या जागी फिलिप्पै 4:8 ची यादी ठेवावी. तिचा पहिलाच निकष 'सत्य' आहे: हे मला ठाऊक आहे, की माझा अंदाज आहे? बऱ्याच गोष्टी तिथेच गळतात. मग त्याच माणसाच्या भल्यासाठी नाव घेऊन, एकांतात प्रार्थना करावी. सकाळी घराबाहेर पडताना स्तोत्र 141:3 म्हणावे. मुखावर पहारा ठेवण्याची ती विनंती एका दमात म्हणून होते.

एका बाबतीत मात्र गप्प राहणे हेच पाप आहे. घरात मारहाण होत असेल, लेकराचे शोषण होत असेल, तर "मंडळीची बदनामी नको" म्हणून तोंड बंद ठेवू नये. पाहिलेले न सांगणारा साक्षीदार लेवीय 5:1 नुसार दोषी ठरतो, आणि 2012 च्या पॉक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्यानेही मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098, तातडीसाठी 112. इथे मत्तय 18 ची पायरी दाखवून पीडितेला एकटीने त्या माणसासमोर पाठवणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे.

शब्द निसटलाच, तर माफी तो जिथे बोलला गेला तिथेच मागावी. ग्रुपवर लिहिले असेल तर दुरुस्तीही ग्रुपवरच. मेसेज पुसून वाचलेले पुसले जात नाही. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करीन असे येशूपुढे कबूल केले होते.

पाळकांना विनंती, की या उपवासकाळात प्रार्थनेचे विषय घेताना एवढेच विचारावे: ज्याचे नाव सांगता, त्याने ते सांगायला परवानगी दिली आहे का? नसेल तर नाव न घेता प्रार्थना करावी.

– एक मंडळीसेवक, अचलपूर तालुका (जि. अमरावती)