‘टोटल लॉस’ची नोंद आरसीवर हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या वृत्तपत्राची छोट्या जाहिरातींची पाने जुन्या गाड्यांनी भरतात. पूर्वी तिथे मारुती आणि सँट्रो असायच्या. आता ऑक्टेव्हिया आरएस, मिनी कूपर एस, पोलो जीटीआय अशा जोरदार इंजिनांच्या गाड्याही दिसतात, आणि खाली ठरलेली ओळ असते : ‘सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल’. यांतल्या काही गाड्या विमा कंपनीने एकदा ‘टोटल लॉस’ ठरवून निकालात काढलेल्या असतात. घेणाऱ्याला ते कळण्याची सरकारी सोय आपल्याकडे नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी बडोद्यात एका विमा कार्यालयाच्या मोटार क्लेम विभागात निवृत्तीपर्यंत काम केले. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा रिपोर्ट, गॅरेजचे एस्टिमेट आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळवणे हे माझे रोजचे काम होते. त्यामुळे ‘टोटल लॉस’ म्हणजे गाडीचा चुराडा, ही लोकांची समजूत बरोबर नाही हे आधी सांगायला हवे. तो निव्वळ पैशांचा हिशेब असतो. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी दुरुस्तीचा नाद सोडते आणि मालकाला आयडीव्हीची रक्कम देऊन मोकळी होते.

महागड्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब फार लवकर उलटतो. ऑक्टेव्हिया आरएस २४५ चेच घ्या. २०२० मध्ये ही गाडी भारतात फक्त २०० नगांत आली. शोरूमची किंमत ३५.९९ लाख, ताकद २४५ अश्वशक्ती. चार वर्षे उलटल्यावर आयडीव्ही ठरवताना ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे किंमत उरते साधारण १८ लाख. तिचे ७५ टक्के म्हणजे साडेतेरा लाख. गाडीचे वय वाढते तशी आयडीव्ही खाली येते, पण बाहेरून मागवायच्या सुट्या भागांचे भाव काही खाली येत नाहीत. इंजिनाचा ईसीयू (त्याचा संगणक), डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एअरबॅगचे मॉड्यूल आणि पुढून मागपर्यंतचे वायरिंग एकदम बदलायचे म्हटले की साडेतेरा लाखांची रेघ ओलांडायला वेळ लागत नाही. पत्र्याला एक पोचा नसला तरीही.

पत्र्याला पोचा न येता गाडी कशी जाते, हे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. अकोटा, मुजमहुडा, समा, फतेगंज या भागांत तळघरातल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या, आणि ते पाणी म्हणजे नुसता पाऊस नव्हे, त्यात गटार होते, नदीचा गाळ होता. पाणी ओसरल्यावर त्या गाड्या टोइंगच्या ट्रकांवर चढून गेल्या. पुढे त्या कुठे गेल्या, हे कोणी विचारत नाही.

मी सांगते. क्लेम मिटला की निकालात काढलेली गाडी, जिला धंद्यात सॅल्व्हेज म्हणतात, लिलावात निघते. कधी मालकच ती ठेवून घेतो आणि कंपनी तिच्या किमतीएवढी रक्कम कापून बाकीची देते. लिलावात घेणाऱ्यांत भंगारवाले असतात, सुटे भाग काढून विकणारे असतात आणि गाडी उभी करून पुन्हा बाजारात आणणारेही असतात. मालकाच्या सह्या घेतलेले फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज, गाडीबरोबर हातोहात फिरतात. शेवटचा गिऱ्हाईक ठरला की त्यावर नाव पडते. मधल्या कोणाचाच आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, मागमूस राहत नाही, म्हणून तर ती गाडी ‘सिंगल ओनर’.

माझ्या भाच्याला अशीच एक आरएस २४५ पसंत पडली होती. मकरपुऱ्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पैसे साठवून आहे, आणि या गाडीचे वेड त्याला कॉलेजपासून. बाजारभावापेक्षा चारएक लाखांनी स्वस्त. “मावशी, तू फक्त कागद बघ, गाडी मी बघितलीय,” म्हणाला. कागदांत आरसी चोख होती, कर्जाचा बोजा उतरवलेला होता. पण चालू पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्य. पहिल्या मालकाच्याच नावावर असलेल्या, चार वर्षे नीट विमा उतरवलेल्या गाडीला नो क्लेम बोनस नाही, याचा सरळ अर्थ मधे क्लेम झाला आहे. आदल्या वर्षीची पॉलिसी मागितली तर विक्रेता म्हणाला, मालक परदेशी गेलेत, मिळणार नाही. सर्व्हिसच्या नोंदी जुलै २०२४ ला थांबलेल्या.

मग वाडी भागातल्या आमच्या जुन्या मेकॅनिकना बरोबर नेले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि सगळा ओढून काढला, अगदी शेवटपर्यंत. रोज दिसतो तो भाग काळाभोर आणि मऊ होता. शेवटचा हातभर पट्टा मात्र कडक, आणि त्यावर तपकिरी रेघ, भिंतीवर पुराची उमटते तशी. शाम्पूने धुणाऱ्याने गुंडाळीच्या आतपर्यंत पट्टा उलगडलाच नव्हता. नंतर सीट मागे सरकवून त्यांनी खालचा पिवळा प्लग सोडवला. एअरबॅगच्या वायरिंगचे प्लग पिवळे असतात. आतल्या पिनांवर हिरवा गंज चढलेला होता. “ताई, हे आज चालतंय. उद्याचं कोणी सांगू नये,” एवढेच ते म्हणाले.

याच गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवले. तो प्लग ज्या एअरबॅगचा, ती अपघातात उघडेल की नाही, किंवा भलत्याच वेळी उघडेल का, हे त्या गंजलेल्या पिनांवर अवलंबून. आणि ही गाडी घेणारा मुलगा ती दांडिया बाजारातून भाजी आणायला घेत नाही. तो ती अहमदाबाद एक्स्प्रेस-वेवर नेणार, जिथे गाड्या वेगाने धावतात आणि या गाडीची क्षमता त्याहूनही जास्त. ठोकलेल्या गाडीचे दुखणे वेगळे. तिचे मधले पिलर, म्हणजे टप पेलणारे दारांमधले खांब, खास कडक पोलादाचे असतात. गॅसच्या बत्तीने तापवून सरळ केले की त्या पोलादाचा कडकपणा जातो आणि वरून रंग मारला की डोळ्यांना काही दिसत नाही.

तरीही टोटल लॉसची प्रत्येक गाडी भंगारातच घालावी असे माझे म्हणणे नाही. एअरबॅगा उघडल्या, दोन हेडलाइट आणि बंपर गेले, एवढ्यावर निकालात निघालेल्या, पण सांगाडा शाबूत असलेल्या गाड्यांच्या फाइली मी पाहिल्या आहेत. तशी गाडी चांगल्या कारागिराने नवे भाग घालून उभी केली, तर माहितगार माणसाने ती स्वस्तात जरूर घ्यावी. फक्त त्याला ते सांगून विकावी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत. ‘ए’ पूर्ण भंगार, ‘बी’ मधून फक्त सुटे भाग काढता येतात, ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा झालेली आणि ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत असलेली. शेवटच्या दोन वर्गांतल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येतात, उघडपणे विकल्या जातात आणि भाव त्याप्रमाणे ठरतो.

आपल्याकडे अडते कुठे, तर कायद्याच्या शब्दांत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे वाहन नष्ट झाले किंवा कायमचे वापरण्याजोगे राहिले नाही, तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. विमा कंपनीचा ७५ टक्क्यांचा हिशेब मात्र खर्चाचा आहे, वापराचा नाही. गाडी ‘कायमची निकामी’ झालेली नाही असे म्हणता येते, त्यामुळे कलम ५५ लागू होत नाही आणि आरसी जिवंत राहते. दोन व्याख्यांमधल्या या फटीतून पुरातली गाडी सुखरूप बाहेर पडते. चोरीच्या गाडीवर टोटल लॉस गाडीचा चेसिस नंबर चढवणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. त्यांनाही हवे असते ते हेच : सांगाडा गेलेला आणि कागद जिवंत.

म्हणून मागणी एवढीच की, क्लेम टोटल लॉस म्हणून मिटवल्याबरोबर विमा कंपनीने त्याची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या गाडीनोंदणीच्या प्रणालीत करणे सक्तीचे व्हावे. पुराचे पाणी की अपघात, आणि सांगाड्याला इजा आहे की नाही, हेही त्यात यावे. सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये हे सगळे असतेच, नव्याने काही शोधायचे नाही. आज गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपतो, कर्ज आहे का, हे मोबाइलवर दिसते. तिथेच ही ओळ दिसावी. देशभरात २०० च असलेल्या गाडीबद्दलही त्यांतल्या कोणत्या बुडाल्या हे ग्राहकाला कळू नये, हे मला पटत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताब्यात आलेली गाडी कळवावी लागते. त्या माहितीत क्लेमच्या इतिहासाचा रकाना घालायला काय हरकत आहे? सॅल्व्हेज विकत घेणाऱ्याच्या नावावर गाडी आधी चढल्याशिवाय ती पुढे विकता येऊ नये, हेही त्याबरोबर व्हावे.

तोवर गाडी घेणाऱ्यांनी किमान मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसीच्या प्रती मागाव्यात, एनसीबीचा आकडा वर्षागणिक वाढत आला आहे का ते पाहावे, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. डीलरने टोटल लॉस लपवून गाडी विकली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी ‘नॉन-ॲक्सिडेंटल’, ‘पाण्यात न गेलेली’ हे शब्द विक्रेत्याकडून सहीनिशी लिहून घ्यावेत. जो लिहून देत नाही, त्याची गाडी घेऊ नये.

भाच्याने ती गाडी घेतली नाही. तिची जाहिरात त्याच फोटोंसह पुन्हा आली आहे, आता गाडी इंदूरला आहे. तिथल्या कोणा मराठी घरातल्या मुलाने ती पाहिली, तर जीजे-०६ हा बडोद्याचा नंबर पाहून त्याला २०२४ चा पूर आठवेलच असे नाही.

एक विनंती आपल्यालाही. जुन्या गाडीची जाहिरात स्वीकारताना ‘या वाहनाचा टोटल लॉस क्लेम झालेला आहे / नाही’ ही एक ओळ जाहिरातदाराकडून भरून घ्यावी आणि ती जाहिरातीत छापावी. दिवाळीच्या पुरवणीपासून सुरुवात करता येईल.

आपली,
एक निवृत्त विमा कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदा